अभिनव पायगुडे, डी.एन.एफ.

वारज्याच्या पुलाजवळ, हिंजवडीला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या सकाळी जिथे थांबतात, तिथे आमचा फ्लेक्स लागला होता. एका कोपऱ्यात वाघ, दुसऱ्या कोपऱ्यात उंट, मध्ये आमची जिप्सी वाळूच्या टेकाडावरून उडी मारतेय आणि त्या जिप्सीपेक्षा मोठा आमचा अभिनव, गॉगल लावून. वर लिहिलेलं, 'वारज्याचा वाघ, वाळवंटाचा बादशहा'. त्याखाली, 'इंजि. अभिनव महिपती पायगुडे, बी.ई., डी.एन.एफ. यांचे हार्दिक हार्दिक अभिनंदन'. आणि तळाला शुभेच्छुक म्हणून माझं नाव, श्रीमती विजयमाला पायगुडे, फोटोसकट. फोटो मनासारखा आला नव्हता, पण नाव ठसठशीत होतं.

ज्यांना बघायचा त्यांनी बघितला. ज्यांना नव्हता बघायचा त्यांनाही बघावा लागला, एवढा मोठा होता.

अभिनव माझा नातू, महिपतीचा थोरला. हिंजवडीत नोकरीला. दिवसभर खुर्चीत बसून करतो काय, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. म्हणाला, "आजी, अमेरिकेतल्या एका दुकानाची बिलं बरोबर निघतात का ते बघतो." मी म्हटलं, "त्या दुकानाला स्वतःचा मुनीम नाही का?" त्यावर हसला नुसता. माझी शाळा चौथीत सुटली, पण माणूस उत्तर देतोय की नुसता हसतोय हे मला कळतं.

आमचं रान पुलाच्या पलीकडे होतं. निम्मं हायवेत गेलं, निम्मं बिल्डरनं घेतलं. जिथे आमचा हरभरा यायचा तिथे आता लोक बाराव्या मजल्यावर कुंडीत तुळस लावतात. रान गेलं, बैल गेले, मागोमाग ट्रॅक्टरही विकला. महिपतीनं सिमेंट-सळईचं दुकान टाकलं. म्हणून अभिनवनं जेव्हा ती जुनी जिप्सी घ्यायची म्हणून हट्ट धरला, तेव्हा बाप नको म्हणत होता आणि मी घे म्हटलं. पायगुड्यांच्या दारात मातीतून जाणारं एक तरी चाक असावं, एवढाच माझा विचार.

त्या गाडीपायी तिघं जमली. चालवायला अभिनव. दुरुस्तीला योगेश, यवतमाळकडचा, त्याच कंपनीतला, हात कायम ग्रीसमध्ये. आणि विश्रांतवाडीची नम्रता. आठवडाभर तिघांनी कॉम्प्युटर बडवायचा आणि शनिवार-रविवारी सिंहगडामागच्या माळावर गाडी आपटायची. हौस. शिकवणारं कोणी नाही, पडलं-झडलं की आपलं आपण शिकायचं. असं करता करता त्यांनी राजस्थानातल्या वाळवंटातल्या शर्यतीला नाव घातलं. वाळूतून दिवसचे दिवस गाडी हाणायची, रस्ता नाही, पाटी नाही. पक्के शर्यतवालेसुद्धा तिथे रडकुंडीला येतात म्हणे.

नम्रताचं काम मला आधी कळेना. ती म्हणाली, "आजी, मी शेजारी बसून वाट सांगायची. डावीकडे घे, पुढे खड्डा आहे, हळू कर."

मी म्हटलं, "म्हणजे बायकोचंच काम."

"हो. फक्त इथे ऐकावं लागतं."

पोरगी तिखट. मला आवडली होती, पण तसं तोंडावर कशाला सांगायचं.

निघायच्या दिवशी चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, भैरोबाचा अंगारा बॉनेटला लावला. सुंदरा येऊन उभी होती. सुंदराबाई म्हणजे माझी धाकटी जाऊ, भिंतीला भिंत लागून राहते. तिचा नातू साईनाथही हिंजवडीतच. तो कंपनीतर्फे अमेरिकेला जाऊन आला, तेव्हा तिनं गल्लीत घरोघर पेढे वाटले होते. माझ्या हातावर दोन ठेवले होते. बाकीच्यांना एक आणि मला दोन. ते दोन मी विसरले नव्हते.

तिच्या देखत मी अभिनवला म्हटलं, "तुझ्या आजोबांचा बैलगाडा शर्यतीचा घाट चढला की गुलाल, नाही चढला की ते मळ्यात मुक्काम करायचे. नंबर घेतल्याशिवाय या दारात गाडी आणायची नाही."

अभिनव पाया पडत होता, तिथेच क्षणभर थांबला. "बरं, आजी," म्हणाला.

शर्यत सुरू झाली आणि फोन बंद झाले. वाळवंटात रेंज नसते, असं महिपती सांगायचा, जसा काही स्वतः जाऊन आला होता. शेवटी एका दुपारी अभिनवचा फोन लागला. आवाज दूरचा, मध्ये वाऱ्याचा घों घों.

"काय रे, कितवा नंबर?"

"आजी, डी.एन.एफ. आलं."

"आलं का? किती जणांना?"

"बऱ्याच जणांना. यंदा निम्म्या गाड्यांना तेच."

"आणि आपल्याला पण?"

मग म्हणाला, "हो, आपल्याला पण."

"नव्या पोरांना पहिल्याच खेपेला दिलं म्हणजे थोडं आहे का? शाबास."

"आजी, ऐक ना, तसं नाही..." आणि रेंज गेली. निदान मला तरी वाटलं की रेंज गेली.

मी महिपतीला सांगितलं. तो तसाच स्कूटरवर माळवाडीत फ्लेक्सवाल्याकडे. फ्लेक्सवाल्यानं विचारलं, हे डी.एन.एफ. काय असतं? महिपती म्हणाला, राजस्थानचा किताब आहे, नावामागे लाव, बी.ई.च्या नंतर. इकडे प्रत्येक फ्लेक्सवर नावामागे काहीतरी असतंच. कुणी बी.ए., कुणी एल.एल.बी., कुणी नुसतंच 'भावी'. आमच्या पोराला तर मिळालेलं होतं.

नम्रताचं नाव घालायचं का, असं महिपतीनं फोनवर विचारलं. मी नको म्हटलं. लग्नाच्या पोरीचं नाव चौकात कशाला टांगायचं.

फ्लेक्स लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी घेऊन येत होते. खरं म्हणजे भाजी घरात होती. मला फ्लेक्सखालून जायचं होतं. निघताना सुंदरानं तिच्या दारच्या शेवग्याच्या शेंगा पिशवीत घातल्या, त्या लांब असल्यानं बाहेर डोकावत होत्या. बसची वाट बघत पोरंपोरी उभी, गळ्यात पट्ट्या, पट्टीला फोटो. मोबाइलवर आमच्या फ्लेक्सचे फोटो काढत होती. मी थांबले. म्हटलं, "नुसता बोर्ड काय काढता, मी त्याची आजी आहे."

त्यातला एक गोरागोमटा म्हणाला, "अरे वा, आजी, मग तुम्ही पण उभ्या राहा ना."

पदर नीट केला, उभी राहिले.

"आजी, ते नावामागचं आहे ना, डी.एन.एफ., त्याच्यावर बोट ठेवा. मस्त येईल."

माझा हात पुरेना. म्हणून मी पिशवीतली शेंग काढली आणि शाळेतल्या बाईंसारखी त्या तीन अक्षरांवर टेकवली. पोरांनी दोनतीनदा काढला फोटो. एक पोरगी तोंडावर ओढणी धरून वळली. मला वाटलं, उन्हाची तिरीप आली असेल.

"थँक यू, आजी," म्हणाली सगळी. फार सभ्य.

पुढे अभिनव घरी आला. रिक्षातून उतरला, काळा पडलेला, ओठ फुटलेले. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला. म्हटलं, "गाडी कुठे?"

"सर्व्हिसिंगला टाकलीय."

"फ्लेक्स बघितलास?"

"बघितला."

"मग?"

"मोठा आहे," म्हणाला, आणि अंघोळीला गेला तो आत जाऊन झोपला. जेवायला उठला नाही. मला वाटलं, दमलंय पोर. महिपतीनं तोवर रविवारी भैरोबाच्या देवळासमोर सत्कार ठरवून टाकला होता. नगरसेवक येणार, शाल-श्रीफळ देणार. ताशा सांगितलेला. पेढे मी सांगितले, घरटी दोन.

शनिवारी मी गच्चीवर कुरडया घालत होते, तेव्हा नम्रता आली. स्कूटी लावून, बूट काढून थेट वर. चेहरा तिचाही सोललेला. माझ्या समोर उकिडवी बसली आणि न विचारता सोऱ्याचा दांडा फिरवायला लागली.

"आजी, तो फ्लेक्स उतरवा."

"का? तुझं नाव घातलं नाही म्हणून राग आला?"

"नाव नाही घातलंत त्याचे आभार मानायचेत. खरंच सांगते."

"सरळ बोल, पोरी. मला हे पुणेरी बोलणं कळतं, मी पण इथलीच आहे."

तिनं सोऱ्या खाली ठेवला. "डी.एन.एफ. हे बक्षीस नाही. डिड नॉट फिनिश. म्हणजे शर्यत पुरी केली नाही. जी गाडी मध्येच बंद पडते, रुतते, तिच्या नावापुढे ही तीन अक्षरं लिहितात."

माझ्या हातात चीक होता. तो तसाच कागदावर पडला, गोळा होऊन.

"मग तो मला म्हणाला कसा, मिळालं म्हणून?"

"तो म्हणाला, 'आलं'. मी शेजारीच होते. 'मिळालं' तुम्ही ऐकलंत."

मी विचारलं, "हे कुणाकुणाला माहीत आहे?"

तिनं पिशवीतून मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. फोटो बोटभर, पण सगळं दिसत होतं. मी. माझा पदर. शेंग. शेंगेचं टोक बरोबर त्या अक्षरांवर. खाली इंग्रजीत काहीतरी.

"काय लिहिलंय?"

"जाऊ दे, आजी."

"वाच."

"'आजींचे इंग्रजीचे क्लास. प्रवेश सुरू.'" तिनं एका दमात मराठीत करून सांगितलं. "हा मेलवर फिरतोय. ऑर्कुटवर पण आहे. मला माझ्या मॅनेजरनं दाखवला, हसत हसत. त्याला माहीत नव्हतं त्या गाडीत मी होते."

उन्हानं माझं तोंड भाजत होतं. उन्हानंच, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं.

"त्यानं का नाही सांगितलं?" मी म्हटलं.

"मी म्हटलं त्याला, तू सांग. तो म्हणाला, माझ्याच्यानं आजीसमोर होणार नाही. तुम्ही बजावलं होतंत ना, नंबर घेतल्याशिवाय दारात गाडी आणायची नाही. सर्व्हिसिंग वगैरे काही नाही, आजी. गाडी योगेशच्या बिल्डिंगखाली उभी आहे."

मी चीक गोळा केला, पुन्हा सोऱ्यात भरला. पोरीला म्हटलं, "पोहे खाऊन जा." ती म्हणाली, "नको, आजी." तिला मी जिन्यापर्यंतही पोचवलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडे बघू नये, असं वाटत होतं.

अभिनव खोलीत पंख्याकडे बघत पडला होता. मी दार लावून घेतलं.

"मला चौकात उभं केलंस. शेंग हातात देऊन."

तो उठून बसला. "मला माहीत नव्हतं तू उभी राहशील."

"फ्लेक्स तर माहीत होता. रिक्षातून बघितलास, तेव्हा का नाही बोललास?"

"काय बोलू? बाबा सत्कार ठरवून आलेले. तू ओवाळत होतीस."

"कुठे रुतलास?"

मग त्यानं सांगितलं. खाली मान घालून, पांघरुणाचा दोरा ओढत. दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. मऊ वाळू लागली तशी नम्रता म्हणाली, थांब, टायरमधली हवा कमी करू, मगच वर चढू. मागून दुसऱ्या गाड्यांचे आवाज येत होते. हा म्हणाला, आता थांबलो तर नंबर गेला. हाणली तशीच. टेकाडाच्या अर्ध्यावर गाडी पोटापर्यंत बसली. जितका जोर केला तितकी खाली गेली, शेवटी इंजिन उकळलं. उन्हात दोघं गाडीच्या सावलीत बसून राहिली. पाणी संपत आलं. तिनं शब्दानं टोचलं नाही, असं तो म्हणाला.

"मग निघालात कसे?"

"शर्यतवाल्यांनी जवळच्या गावातून ट्रॅक्टर आणला. त्यानं ओढून काढलं."

ट्रॅक्टर. आमचा निळा ट्रॅक्टर विकला त्या दिवशी अभिनव शाळेतून आला आणि रिकाम्या शेडमध्ये जाऊन बसला होता. त्यालाही आठवलं असणार, कारण तो भिंतीकडे बघायला लागला.

महिपतीला सांगितलं तर तो आधी खुर्चीत बसला आणि मग त्याच्या दुकानदारी डोक्यानं हिशेब लावला. "गावात कुणाला कळतंय इंग्रजी? ती बसवाली पोरं उद्या दुसऱ्याला हसतील. नगरसेवकांना आता नाही म्हटलं तर उलट बोभाटा. सत्कार होऊ दे, सोमवारी फ्लेक्स उतरवू. आई, तू फक्त गप्प राहा."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, पटलं. भैरोबासमोर, सुंदरासमोर, सगळ्या भावकीसमोर मान खाली घालण्यापेक्षा एक दिवस गप्प बसणं सोपं. तेवढा फ्लेक्स मात्र मला सोमवारपर्यंत ठेववत नव्हता. त्या अक्षरांखालून आणखी एक बस जाऊ नये असं झालं होतं. म्हणून दिवेलागणीच्या आधी मी विळा घेऊन निघाले. कुणी विचारलं तर वाऱ्यानं फाटला म्हणायचं ठरवलं.

खालचे दोन दोर कापले. वरचे बांबूच्या टोकाला. फ्लेक्स खालून सुटला आणि फडाफडा माझ्याच तोंडावर आपटायला लागला. अभिनवचा गॉगल, वाघ, माझं नाव, एकामागून एक. मी त्याच्याशी झटत असताना मागून आवाज आला.

"बाई, वरचं दोर कोण कापनार?"

सुंदरा. देवळातून येत होती, हातात निरांजनाचं ताट.

"फाटलाय गं. वाऱ्यानं," मी म्हटलं.

तिनं ताट कठड्यावर ठेवलं आणि फ्लेक्सचं दुसरं टोक धरलं. "हां. वारं लई हाय," म्हणाली.

त्या संध्याकाळी झाडाचं पान हलत नव्हतं.

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे न बघता फ्लेक्सची घडी घालू बघत होती.

"सुंदरा, तुला माहीत आहे."

"काय ते?"

"सोंग करू नकोस."

तिनं घडी सोडली. "फ्लेक्स लागला त्याच दिशी साईनाथनं सांगितलं. हसत सांगाय लागला, तवा म्या त्याला म्हनलं, मोठ्या आजीसमोर ह्यातलं अवाक्षर काढलंस तर घरात घेनार न्हाई. गल्लीत बी सांगून ठेवलंय, रविवारी कुनी दात काढायचे न्हाईत. समदी येनार हायती. म्या तर नवं लुगडं काढलंय."

"सगळ्या गल्लीला माहीत आहे?"

"आता पोरं शिकल्याली हायती, बाई, घरोघर. झाकून किती ऱ्हातंय."

म्हणजे महिपतीचा हिशेब चुकला होता. गाव आंधळं नव्हतं, गावानं डोळे मिटून घेतले होते, आणि तेही सुंदराच्या सांगण्यावरून. जिचे दोन पेढे मी इतके दिवस घशात धरून बसले होते, तिनं माझ्यासाठी घरोघर जाऊन लोकांना हसू नका म्हणून सांगितलं होतं. तिनं टोमणा मारला असता, तर मी दहा परत मारले असते. हे कुठे ठेवू ते मला कळेना.

"तू मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं.

"तुमास्नी सांगायची छाती हाय कुनाची?" ती सहज म्हणाली. ताट उचललं आणि दिवा विझू नये म्हणून पदराआड धरून निघाली. "साईनाथला शिडी घिऊन पाठवते."

घरी आले. अभिनव ओट्याशी पाणी पीत उभा होता. त्याला म्हटलं, "योगेशला फोन कर. सकाळी गाडी दारात आण."

"आजी, नंबर..."

"मी काय म्हटलं होतं ते मला माहीत आहे. आण म्हटलं ना."

रविवारी जिप्सी आली. पुढचा बंपर अर्धा लोंबता, काचेला तडा, फटीफटीत पिवळी बारीक वाळू. देवळासमोर मंडपाच्या कडेला उभी केली. नम्रता आणि योगेश मागच्या रांगेत बसत होते, त्यांना मी पुढे आणून बसवलं. सगळी भावकी आलेली. सुंदरा नव्या लुगड्यात पहिल्या रांगेत. कुणी हसत नव्हतं. माणसं मयताला बसतात तशी बसली होती. ताशावाला बिचारा दोनदा सुरू झाला आणि कुणीच मान डोलवेना म्हणून थांबला.

नगरसेवक यायचे होते. महिपती फोनवर फोन करत होता. मी म्हटलं, आता हीच वेळ. अभिनवला माइकपाशी ढकललं.

"मित्रहो," त्यानं सुरुवात केली, "अॅक्च्युअली डी.एन.एफ. हे एक टेक्निकल स्टेटस असतं, म्हणजे इव्हेंटमध्ये..."

"मराठीत सांग," मी खालून म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी नजर काढली नाही. माझ्यासमोर त्याला जमत नव्हतं ना, मग माझ्यासमोरच.

"शर्यत आम्ही पुरी केली नाही," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी वाळूत रुतलो. नम्रता थांब म्हणत होती, मी ऐकलं नाही. ट्रॅक्टरनं ओढून काढलं. फ्लेक्सवर लिहिलं होतं त्याचा अर्थ तोच आहे. मी घरी सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं."

माइक कुंई करून वाजला. मग दत्तोबा, आमच्या ह्यांच्या बरोबरीचे, बैलगाड्याच्या वेळचे, बसल्या जागेवरून म्हणाले, "ट्रॅक्टर कंच्या कंपनीचा व्हता?"

"लक्षात नाही, दत्तोबा आजोबा. लाल होता."

"बरं," दत्तोबा म्हणाले, आणि तपकिरीची डबी काढली. एवढंच. मी मागे टेकले. म्हटलं, झालं एकदाचं, आता पेढे वाटायचे आणि घरी जायचं.

तेवढ्यात नगरसेवकांची गाडी आली. उतरले ते कानाला मोबाइल लावून, हात जोडत, थेट स्टेजवर. महिपती आडवा गेला, कानाशी काहीतरी बोलायला बघत होता. त्यांनी त्याचा खांदा थोपटला, बाजूला केलं आणि माइक घेतला.

"वारज्याच्या मातीतला हा सुपुत्र," ते म्हणाले, "परप्रांतात जाऊन डी.एन.एफ. हा मानाचा किताब पटकावून आला. मी तर म्हणतो, आज आपल्या वारज्याच्या घराघरात असा डी.एन.एफ. झाला पाहिजे."

त्यांनी थांबून टाळ्यांची वाट बघितली.

टाळ्या आल्या. पहिली सुंदरानं वाजवली, मग तिच्या शेजारणीनं, मग सगळ्यांनी. न हसता, एका तालात, माझ्याकडे न बघता. सगळं कळत असून माझ्या घरच्या सत्काराची लाज राखायला पन्नास-साठ घरची माणसं टाळ्या वाजवत होती. बसवाली पोरं हसली त्याचं मला एवढं लागलं नव्हतं. नम्रतानं मान खाली घातली होती. अभिनवच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. तो नारळ हातात कसा धरायचा तेही त्याला सुधरेना.

मग नगरसेवक म्हणाले, "आणि आता आजींचा सत्कार." मला वर बोलावलं. गेले. काय करणार. माझ्या गळ्यात हार पडला, फोटोवाला म्हणाला, आजी, इकडे बघा. मी नाही बघितलं. मी जिप्सीकडे बघत होते. तिच्या तुटक्या बंपरवरून वाळू थोडी थोडी देवळाच्या फरशीवर सांडत होती.

पेढे मी स्वतः वाटले. घरटी दोन सांगितले होते, पण सुंदराच्या हातावर दोन ठेवायला माझा हात होईना. तिला एकच दिला. ती म्हणाली, "बाई, त्यो फ्लेक्स तुमास्नी नको आसंल तर मला द्या. म्हशीच्या गोठ्याला वर टाकाय व्हईल. अक्षरं खालच्या अंगाला करते, म्हंजी रस्त्यावरनं दिसायची न्हाईत."

"म्हशी वाचतील," मी म्हटलं.

"वाचू द्या की. त्या कुठं हिंजवडीला जात्यात."

अभिनव परत शर्यतीला जाणार आहे की नाही, मी विचारलेलं नाही. गाडी दारात असते. रविवारी तो आणि नम्रता तिच्याखाली पडून काहीतरी ठोकत असतात. चहा मी बाहेर नेऊन ठेवते. शाल आणि नारळ कपाटावर आहेत. नारळ फोडायचं कुणी काढत नाही, वाळत चाललाय.

दूध आम्ही सुंदराकडूनच घेतो. रोज सकाळी किटली घेऊन गोठ्यात जायचं, तर डोक्यावर तोच फ्लेक्स. उंट, अर्धा वाघ, आणि बरोबर धारेच्या जागेवर ती तीन अक्षरं. सुंदरा धार काढत असते, कधी वर बघत नाही. मी किटली भरून घेते, पदर डोक्यावर ओढते आणि खाली बघत घरी येते.